पाय ठेवायचा पत्रा

२० फेब्रुवारी २०२६

सासूबाई आज स्वतःहून बोलल्या! भाकरी थापता थापता - "जीप नीट करून घे. खालचा पत्रा सडलाय. पाय ठिवायला जागा न्हाई त्येला."

मी विचारलं, "कुणाला, आत्या?"

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली.

२१ फेब्रुवारी

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सहा-सात वर्षं त्या जीपला कुणाला हात लावू दिला नाही या बाईंनी. वारणेच्या पुरात विश्वजीत (घरात "हे", इथे विश्वजीत) मळ्यात अडकलेली माणसं काढायला जीप घेऊन गेला. पाणी ओसरल्यावर जीप बाभळीला अडकलेली सापडली. तो नाही.

येत्या ऑगस्टला सात वर्षं होतील. मग कोर्ट त्याला मेला असं ठरवेल, असं माझा भाऊ शिवतेजदादा म्हणतो. त्याने माझ्यासाठी स्थळही बघून ठेवलंय. कराडचा आहे, बिजवर, बोलायला बरा वाटला. मी दादाला म्हणाले होते - जीप अंगणातून हलली की हो म्हणेन. तेव्हा वाटलं होतं, ती कसली हलतेय!

मला परत संसार हवाय. लिहिलं एकदाचं.

२४ फेब्रुवारी

शिराळ्याहून मतीन आला, पत्र्याचं काम करणारा. चटई उचलली. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा - नुसती चाळण! बाकी गाडी वरवर गंजलेली, पण धड.

"वहिनी, पुरातली गाडी सगळीकडनं सडती. ही एकाच जागी कशी काय सडली?"

मला काय विचारतोस बाबा!

२७ फेब्रुवारी

मतीनने कुजका भाग कापला, नवा पत्रा वेल्ड केला. आधी तांबडा प्रायमर, वर काळा रंग. चकचकीत! सासूबाई लांबून बघत होत्या, हसल्या. साताऱ्याच्या एका रिटायर फौजीला गाडी पसंत आहे. पाडव्याला नेतो म्हणाले. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

६ मार्च

नव्या पत्र्यावर गंज. आठवड्यात! तोही दोनच ठिकाणी, शेजारी शेजारी, बसणाऱ्याचे पाय येतात तिथे. हात फिरवला. ओलं. वर शेड आहे, पावसाचा पत्ता नाही.

७ मार्च

मतीन चिडला. "माझं काम असलं नसतंय!" घासून परत रंगवलं. जाताना हळूच म्हणाला, "वहिनी, ओल कुठनं येतीया ते बगा आदी. मला हितं बरं वाटंना झालंय."

मला तरी कुठे वाटतंय.

९ मार्च

सापडलं! दिवेलागणीला शेडकडे गेले तर सासूबाई. हातात तांब्या. ड्रायव्हरच्या बाजूला वाकून पाणी घालत होत्या - आधी इकडे थोडं, मग तिकडे थोडं.

"आत्या, हे काय?"

"बाहेरनं आल्यालं माणूस. पायावर पानी नगं व्हय घालायला?"

"रोज?"

"रोज येतोय, तर रोजच की."

भूत कसलं नि काय! मी आधी हसले, मग शेडमागे जाऊन रडले. इतकी वर्षं रोज तांब्याभर पाणी. लोखंडच ते, सडणार नाही तर काय.

१० मार्च

त्यांना म्हसवडला नणंदेकडे पाठवलं. निघायला तयार नव्हत्या. एसटीत चढताना माझा हात धरला - "मी न्हाई तवर तू घाल. न्हाईतर तसाच बसून ऱ्हाईल त्यो." बरं म्हणाले. घालणार नाहीच. राग येतो, खरं सांगायचं तर. त्याच्या पायांची काळजी आहे. घरातल्या जित्या सुनेचं काय?

१२ मार्च

मतीनने तिसऱ्यांदा घासून रंगवलं. तो गेल्यावर शेडला कुलूप लावलं. किल्ली माझ्या कमरेला. घरात मी एकटीच. भांडं पडलं तरी दचकते.

१५ मार्च

कोरडं!

१७ मार्च

दारातूनच बघितलं. गंजाचा ठिपका नाही. धूळ तेवढी बसलीय. दादाला फोन केला - हो म्हणाले. फोनवरच रडला, मोठा पैलवान! मलाही हलकं वाटलं. कितीतरी दिवसांनी आरशासमोर जरा जास्त वेळ उभी राहिले.

१९ मार्च, पाडवा

फौजी यायच्या आत गाडी पुसून घ्यावी म्हणून गेले. कुलूप जसंच्या तसं. पत्रा कोरडा. फडकं घेऊन वाकले. धूळ नव्हती ती. गाळ. नदीचा, वाळलेला. दोन पावलं उमटलेली, उजव्याला करंगळी नाही. त्या एका बोटापायी सैन्यभरतीतून परत पाठवलं होतं त्याला.

आत्या रोज हे धूत होत्या.

फौजींना फोन केला, येऊ नका म्हणाले. का हो, त्यांनी विचारलं. सांगितलं - ज्याची आहे तो वापरतोय.