नववा चिंचोका

रोडपाली
गुरुवार, २० नोव्हेंबर २०२५

ती. बाबांना संजनाचा नमस्कार.

मी बरी आहे. आईचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, नुसतं कुरकुरत बसू नको, तेल लावून शेकत जा. तुम्ही साखर तपासून आलात का, की यंदाही डॉक्टरलाच शहाणपण शिकवून आलात?

पत्र लिहायची पाळी आली, कारण तुम्ही दोन वर्षं माझा फोन उचलत नाही. धनेशदादाच्या हाती निरोप दिला तर पोचेपर्यंत तो त्याचाच निरोप होतो. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नका. चष्मा लावा, खिडकीशी बसा, वेळ लागला तरी चालेल, पण स्वतः वाचा.

आधी सरळ सांगते. माझ्या दुकानाच्या गाळ्याची चावी मी देणार नाही.

रविवारी गव्हाणला कृष्णाआत्याकडे काय झालं ते तुम्ही ऐकलंत, पण दादाच्या तोंडून. आता माझ्या तोंडून ऐका. जेवणं चालली होती. कोपऱ्यातला इन्व्हर्टर घुमायला लागला, जळका वास आला. दादाने झाकण काढून ट्रान्सफॉर्मरला बोट लावलं आणि बोट तोंडात घालून नाचला. पेटीवर माझ्या दुकानाचा स्टिकर. मग काय विचारता! पंधरा माणसांसमोर त्याने तुम्हाला फोन लावला, स्पीकर चालू केला, आणि तुम्ही म्हणालात, "मी दोन वर्सांपूर्वीच सांगितलेला. बायकांचा हात सैल. त्यांनी भरलेला ट्रान्सफॉर्मर तापनारच. येत्या रविवारी तिच्याकडनं गाळ्याची चावी घे. आमचा नाव घालवल ती."

मी ओरडून सांगत होते की मागच्या महिन्यात मी फक्त पंखा बदलला, आतल्या तारेच्या वाइंडिंगला हातही लावला नाही. तोवर तुम्ही फोन ठेवला होतात. आत्या पाठीवर हात फिरवून म्हणाली, "जाव दे गो. चूक सगल्यांकडनंच व्हते." तिची माया मला त्या वेळी दादाच्या ओरडण्यापेक्षा जास्त झोंबली.

आत्याने इन्व्हर्टरवर विणलेला रुमाल घातलाय आणि रुमालावर पापडांचा डबा. हवेच्या जाळ्या पार बंद. मनात म्हटलं, सापडलं! रुमाल काढून तासभर चालवलं, तरी तेच. पंखा तर मस्त फिरत होता. खरं सांगते, तेव्हा मला माझीच शंका आली. पंख्याची वायर जोडताना मीच काही घोळ घातला असेल का? मशीन उचलून इथे आणलं.

सोमवारी सगळं सुटं केलं. तुम्हीच शिकवलंय, एकेक गोष्ट काढत जायची आणि हात लावून बघत जायचं. वायर तपासल्या, ठीक होत्या. बॅटरीवर चालवलं, नुसतं कोमट. मग बॅटरी काढली, एकही दिवा जोडला नाही आणि फक्त लाइनवर लावलं. वीस मिनिटांत हात ठेववेना. काही काम नसताना तापतोय, म्हणजे लाइनच्या बाजूचे तारेचे फेरे कमी भरलेत. दोन वर्षं ते कळलं नाही, कारण गव्हाणला लाइन दोनशे व्होल्टच्या वर चढतच नव्हती. दिवाळीआधी आत्याच्या आळीत विजेची नवीन डीपी बसली. आता तिथे मीटर दोनशे अठ्ठेचाळीस दाखवतो.

तुम्ही म्हणाल, ही दोन वर्षं कुठून आली? तेच सांगायचं टाळत इथवर आले.

ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी पट्ट्या काढल्या तर तारेच्या टोकाला पांढऱ्या दोऱ्याची दुहेरी गाठ. अशी गाठ अख्ख्या पनवेलात एकच माणूस मारतो. तरी मी एकेक फेरा मोजत उलगडला. चारशे दहा भरले. हवे होते चारशे साठ. आणि सगळ्यात आत, पहिल्या थराखाली, चिठ्ठी. 'श्री. १२ सप्टेंबर २०२३.' खाली तुमची सही.

मला आनंद झाला, बाबा. खोटं कशाला बोलू? दुकानात एकटीच होते, टाळी वाजवली. चिठ्ठीचा फोटो काढला. घरच्या ग्रुपवर टाकायला लिहूनही काढलं, "घ्या, बघा कुणाचा हात सैल!"

मग त्या सहीकडे नीट पाहिलं. 'श्री' तिरका होऊन खाली उतरलेला. सही दोनदा गिरवलेली, दुसरी पहिलीवर बसलेलीच नाही. तुमचं अक्षर असं कधीच नव्हतं. तेव्हापासूनच दिसत नाहीये ना तुम्हाला? कुणाला सांगितलंत? फोटो मी पाठवला नाही.

आणि कमी पडलेले फेरे बरोबर पन्नास. म्हणजे एक चिंचोका.

मी नववीत असल्यापासून तुम्ही तार भरायचा रहाट फिरवायचात, पन्नास फेरे झाले की "हां" म्हणायचात आणि मी वाटीत चिंचोका टाकायची. चारशे साठला नऊ चिंचोके आणि वर दहा फेरे. नंतर मी स्वतः भरायला शिकले, तरी तुमच्या वाइंडिंगला चिंचोके माझेच. मग २०२३च्या जूनमध्ये तुम्ही दुकान दादाला दिलंत, गिऱ्हाइकांसमोर माझा हात सैल म्हणालात आणि मी निघाले. आईने या गाळ्याची चावी माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "घे. तुजा बी हक्क हाय." तीन महिन्यांनी हा ट्रान्सफॉर्मर भरायला तुम्ही एकटेच बसलात. दादा मोबाइलमध्ये असणार. नववा चिंचोका टाकायला कुणी नव्हतं.

रविवारी फोनवर बोलताना तुम्हाला हे आठवलं नाही, की आठवूनही गप्प बसलात? लोकांसमोर मी हे विचारणार नाही. इथे विचारलंय.

मंगळवारी मी तो पुन्हा भरला. चारशे साठ, रहाटही माझा आणि चिंचोकेही माझेच. वार्निश वाळल्यावर आज सकाळपासून लाइन मुद्दाम अडीचशेवर चढवून ठेवली आहे. आत्ताच हात ठेवून शंभर आकडे मोजले.

तुमची चिठ्ठी सोबत पाठवते आहे. फोटो पुसून टाकला. माझ्याकडे राहिली तर एखाद्या दिवशी रागाच्या भरात मी ती दाखवेन, माझा मलाच भरवसा नाही. ठेवायची की फाडायची, ते तुम्ही बघा.

रविवारी अकरा वाजता मी गव्हाणला मशीन बसवणार. तुम्ही या. तेच पंधरा जण असतील. ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवा आणि मग बायकांच्या हाताबद्दल काय बोलायचं ते बोला. नाही आलात, तर आत कुणाचं वाइंडिंग होतं ते मी सांगणार नाही. पण माझं होतं, असंही म्हणणार नाही. कुणाचीही चूक माझ्या पदरात बांधून घ्यायला मी आता त्या घरात राहत नाही. चावी माझ्या कमरेला आहे. दादाला म्हणावं, उगाच हेलपाटा घालू नको.

एक राहिलं. तुम्ही चिंचोक्यांची वाटी खूप शोधली असेल. त्या दिवशी निघताना मीच ती तुमच्या टेबलावरून उचलून आणली, रागाने, चिंचोक्यांसकट. म्हणजे नववा चिंचोकाच नाही, एकही तुमच्याकडे नव्हता. बोटांवर मोजलेत ना? तेवढी चोरी मला कबूल आहे. बाकी काही कबूल नाही.

वाटी परत पाठवणार नाही. मोठं वाइंडिंग आलं तर ते घेऊन इकडे या. रहाट तुम्ही फिरवा, फक्त "हां" मोठ्याने म्हणा.

तुमच्याच हाताखाली घट्ट झालेल्या हाताची,
संजना