तांबड्यात किती ए?

रविवार संध्याकाळ, फेब्रुवारी २००७

आज माझंच कुलूप माझ्यावर उलटलं. गौरी आठवीत, म्हणून दिवाळीत कॉम्प्युटरला पासवर्ड घातला होता. तास झाला की इंटरनेट आपोआप बंद. पासवर्ड ‘तांबडा’. दर रविवारी घरात तांबडा रस्सा, मी कशी विसरेन? पण आज तिच्या प्रकल्पासाठी अर्धा तास वाढवायला गेले, तर इंग्रजीत लिहिताना किती ए घातले होते तेच आठवेना. दोन घातले, तीन घातले. उघडेना.

मागून गौरी म्हणाली, “आई, चार. पुढं दोन, मागं दोन.”

उघडलं!

“तुला कधीपासून माहीत?”

“दिवाळीपासनं. तू टाइप करताना शेजारीच बसलोवतो की.”

म्हणजे इतके महिने ही पोर तास संपला की मुकाट उठत होती, ती कुलपामुळे नव्हे?

“मग कधी उघडलं का नाहीस गं?”

“तू नको म्हणालीवतीस की,” म्हणाली आणि प्रकल्पात डोकं घातलं.

पासवर्ड बदलायचा का? छे. चार ए. इथे लिहून ठेवते, विसरते ती मीच.