नव्या लॅपटॉपच्या डोळ्यात कुंकू

मंगळवार, सायंकाळ. हिंगोली

लेक वैदेहीची नोकरीसाठीची मुलाखत उद्या सकाळी लॅपटॉपवरच आहे. म्हणून उत्तम कॅमेऱ्याचेच यंत्र मी प्रदीर्घ चिंतनान्ती निवडले. घरी आणताच यथासांग पूजन केले आणि ओले कुंकू नेमके त्याच कॅमेऱ्याच्या इवल्या डोळ्यावर लावले! शोभेसाठी? की बुद्धिभ्रंशाने?

"बाबा, काहून लावलं तिथं? सारं लाल दिसून राहिलं!"

कापसाने पुसले, तरी काचेच्या कडेत उतरलेले कुंकू निघेना. चित्राच्या एका बाजूस लालसर धुके उरलेच. त्या इवल्या डोळ्याकडे माझा हात पुन्हा वळला.

"आता तुमी हातच लावू नका. मी जराशी सरकून बसते."

उद्या माझ्या भक्तीपासून वीतभर दूर बसूनच तिला उत्तरे द्यायची आहेत. तेवढ्या जागेत तरी ती स्वच्छ दिसो.