देवळामागचा न निंदलेला गहू

शनिवार, ७ डिसेंबर

पोहोचलो एकदाचा! चिखलीच्या बसने मला, माझ्या ट्रंकेला आणि पुस्तकांच्या खोक्यांना उंद्रीच्या अलीकडच्या फाट्यावर उतरवलं आणि धूळ उडवत निघून गेली. पहिली नेमणूक, पहिली मंडळी, पहिलं देऊळ. खोक्यावर बसून एकटाच हसलो. पाळक शेखर म्हणवून घ्यायची हौस आज फिटली.

न्यायला शेजारचे शेतकरी उत्तमराव मोटरसायकल घेऊन आले. देऊळगाव राजाच्या बालाजीचे भक्त, पण जुने पाळक गेल्यापासून आमच्या ख्रिस्ती देवळाची किल्ली यांच्याकडेच. मी रस्त्याकडे बघत उभा, तर म्हणाले, “बसा न साहेब, पाहून काय राह्यले?” इथली बोली ऐकून गुदगुल्या होतात. मले, तुले, काऊन! थोड्या दिवसांनी मीही असंच बोलणार बहुतेक.

देऊळ छोटं, चुना दिलेलं, वर पत्रे आणि एक क्रूस. मागे माझ्या दोन खोल्या आणि पलीकडच्या खोलीत केसरबाई. त्या म्हाताऱ्या आहेत, मागेपुढे कुणी नाही, आणि प्रभुभोजनाची, म्हणजे उपासनेत येशूच्या आठवणीसाठी वाटायची, भाकर वर्षानुवर्षं त्याच भाजतात. माझ्यासाठी वांग्याची भाजी करून ठेवली होती. जेवताना समोर बसून राहिल्या आणि मी पुरेसं खात नाही म्हणून रागावल्या. मला आईची आठवण झाली.

खिडकीतून देवळाचं छोटंसं वावर दिसतं. गहू पेरलाय. पण काय ती दशा! गव्हाच्या बरोबरीने तण माजलंय.

रविवार, ८ डिसेंबर

पहिली उपासना. माणूस पाहताक्षणी ओळखण्यात माझा हातखंडा आहे. सेमिनरीत मित्र म्हणायचे की शेख्याला डोळे नाहीत, क्ष-किरण आहेत. तर मंडळी पाहून घेतली.

बहुतेक साधी, भली माणसं. पेटी वाजवणारे उकंडराव मात्र वेगळे. त्यांची प्रार्थना सर्वांत लांब, आवाज सर्वांत मोठा, शेवटी डोळ्यांत पाणी. याच गृहस्थांना काल बसच्या खिडकीतून मी चिखलीत दारूच्या दुकानातून बाहेर पडताना पाहिलं होतं. मनात म्हटलं, वा रे वा!

दुसरी कोकिळा. उत्तमरावांची धाकटी भावजय. घरची माणसं काही म्हणत नाहीत, पण ती पायरीवर थांबून पदराने कपाळाचं कुंकू पुसते आणि मग आत येते. मागे चपलांजवळ बसते. परत जाताना पायरीवरच पुन्हा कुंकू लावते. इथे एक, तिथे एक. असल्या लोकांचा मला मनापासून तिटकारा आहे.

उपासनेनंतर केसरबाईंना तणाबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या की हे वावर कधीच निंदत नाहीत. गहू आणि तण सोबत वाढू द्यायचं, कापणीला सगळी मंडळी ताडपत्रीवर बसून वेगळं करते, आणि त्याच गव्हाची भाकर प्रभुभोजनाला. प्रभू येशूच्या दाखल्यातलं, म्हणजे दृष्टांतातलं, शिक्षण कुणा जुन्या पाळकांनी असं वावरातच पेरून ठेवलेलं. “आपल्याले काय समजते साहेब, कापनीच्या दिवशी मालक पाहीन,” असं म्हणून त्या हसल्या.

दाखला मला पाठ आहे. पण दाखला म्हणजे दाखला, शेती म्हणजे शेती!

रविवार, १५ डिसेंबर

आज उपदेश त्याच दाखल्यावर दिला. अंतःकरणाचा न्याय देवाचा, आपण घाईने कुणाला उपटून टाकू नये. छान रंगला. उकंडराव रडले, अर्थात.

दुपारी उत्तमराव हरभऱ्याचे टहाळ घेऊन आले. मी त्यांना म्हटलं की या गवताची मला लाज वाटते, येता-जाता तण दिसलं तर खुशाल उपटा, मला विचारायचीही गरज नाही. ते म्हणाले, तुमच्या लोकांत तसं चालत नाही. मी म्हणालो, आता पाळक मी आहे. त्यांनी मान डोलावली. फार भिडस्त माणूस.

सोमवार, १६ डिसेंबर

सकाळी राहवलं नाही. बांधाजवळ एक उंच, तजेलदार तण सगळ्यांच्या वर मान काढून उभं होतं. मी त्याला हसून नाव दिलं: उकंडराव. “या, बाहेर या,” म्हटलं आणि मुळासकट उपटलं. बरं वाटलं.

रविवार, २२ डिसेंबर

उकंडराव आले नाहीत. पेटीवर बोटभर धूळ. गाणी तशीच, सूर सोडून. केसरबाईंना विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, “कोन उकंडराव?”

पेटी कोण वाजवतं म्हटलं, तर म्हणाल्या की पेटी केव्हाची पडून आहे, वाजवणारं कुणी मिळालंच नाही. आणखी दोघा-तिघांना विचारलं. तेच उत्तर, आणि चेहरे अगदी कोरे.

काहीतरी भानगड होऊन माणूस मंडळी सोडून गेला असणार आणि यांना ते बोलायचं नसणार. छोट्या गावात असं चालतं. मी जास्त खोदलं नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखंच वाटलं.

बुधवार, २५ डिसेंबर

नाताळ. देवळात पताका, बाहेर जिलबी. केसरबाई तापाने अंथरुणावर, पण भाकर त्यांनी काल तशातच भाजून ठेवली होती.

प्रभुभोजनाच्या वेळी माझं लक्ष कोकिळेवर होतं. ताट तिच्यापर्यंत गेलं. तिने तुकडा घेतला, इकडेतिकडे पाहिलं, आणि न खाता पदराच्या टोकात गाठ मारून बांधला! माझं डोकं फिरलं. ताईत करणार असेल, नाहीतर कुठल्या उताऱ्यात टाकणार असेल. प्रभूच्या मेजावर असला खेळ! पुढची प्रार्थना मी कशीबशी संपवली.

शुक्रवार, २७ डिसेंबर

राग जाईना. सकाळी वावरात गेलो. खिडकीच्या सरळ रेषेत एक बारीक, वाकलेलं तण होतं, गव्हाच्या एका रोपाला अगदी बिलगून. या वेळी गंमत नव्हती. मी मोठ्याने म्हणालो, कोकिळा, तुझं सोंग पुरे. आणि उपटलं.

शेजारचं गव्हाचं रोपही अर्धं वर आलं. मुळं एकमेकांत गुंतली होती. ते मी परत खोचलं आणि पायाने माती दाबली.

रविवार, २९ डिसेंबर

कोकिळा आली नाही. चपलांजवळची जागा रिकामी.

उपासना संपल्याबरोबर उत्तमरावांकडे गेलो. भावजय बरी आहे ना, एवढंच विचारलं. ते हसले. म्हणाले, “कोनती भावजय? भावाचं लग्नच कुठी झालं अजून?”

भाऊ तिथेच गोठ्यात होता. तोही हसला.

घरी येऊन खिडकी लावून घेतली.

गुरुवार, २ जानेवारी

असं होत नसतं. मी शिकलेला माणूस आहे. माझ्याच या वहीत दोघं आहेत, त्यांची नावं आहेत, तिच्या कपाळावरच्या पुसट कुंकवाची खूण आहे. हे सगळं मी स्वप्नात लिहिलं का?

वावराकडे जात नाही. लोक विचारतात, साहेब आजारी आहेत का. हो म्हणतो.

मंगळवार, ७ जानेवारी

केसरबाई दारात बसून असतात. ताप गेला, पण अंगात त्राण नाही. आज पाहिलं, चुलीजवळ चहाचे दोन कप भरून ठेवले होते. एक त्यांचा. दुसरा कुणाचा, विचारलं. कपाकडे पाहून म्हणाल्या, “काय माहीत. हात असाच करते.”

संध्याकाळपर्यंत रस्त्याकडे डोळे. कुणाची वाट पाहताय? त्यांना सांगता येईना. सांगता येत नाही म्हणून त्या लाजल्या, मी मान खाली घातली.

रोज त्यांना भाजी-भाकर, गोळ्या कोण आणून देत होतं? मी इतके दिवस शेजारी राहून कधी विचारलं नाही.

गुरुवार, ९ जानेवारी

हे लिहायला हात धजत नाही.

केसरबाईंची उशी नीट करत होतो. खाली लुगड्याची फाडलेली चिंधी, गाठ मारलेली. गाठीत भाकरीचा वाळलेला तुकडा. प्रभुभोजनाचा. म्हणाल्या की नाताळाला त्या अंथरुणावर होत्या तेव्हा कुणीतरी आणून दिला. अर्धा खाल्ला, अर्धा ठेवला. “आपला न खाता मले आनला होता तिनं. कोन होती, याद येत नाही साहेब.”

चिंधीचा रंग मी ओळखला. जांभळा, बारीक बुट्ट्यांचा. नाताळाला कोकिळेचा पदर तोच होता.

मी काय पाहिलं होतं! भाकर पदरात जाताना पाहिली, आणि बाकी सगळं माझ्या मनातलं ओतलं. ताईत म्हणालो. सोंग म्हणालो.

उकंडराव त्या दुकानात कशाला गेले होते? कुणाला आणायला गेले असतील, कुणाची समजूत काढायला, किंवा खरंच प्यायला, आणि म्हणून रडत असतील. आता विचारायला माणूसच नाही. मला कधीच कळणार नाही, आणि हीच माझी शिक्षा असावी.

शनिवार, ११ जानेवारी

बांधावर टाकलेली ती दोन्ही तणं शोधली. वाळून काड्या झाल्यात. तरी परत लावली, पाणी घातलं. गुडघ्यावर बसून त्यांची नावं घेतली, हाका मारल्या. उत्तमराव बांधावरून पाहत होते.

पायाने दाबलेलं ते गव्हाचं रोप पिवळं पडतंय.

केसरबाई आज अंथरुणातून उठल्या नाहीत.

रविवार, १९ जानेवारी

उपदेश करता येईना. उभा राहिलो, आणि समोरचे चेहरे— प्रत्येकाकडे बघताना आत काहीतरी नाव ठेवायला लागतं. हा लबाड. ती भांडकुदळ. थांबतच नाही. डोळे मिटून नुसती प्रार्थना म्हटली. मला कुणाकडे बघायची भीती वाटते. त्यांची नाही. माझी.

मंगळवार, २८ जानेवारी

मी केसरबाईंना जेवू घालतो. त्या संकोचाने दोन घास घेतात, मग माझ्या मागे दाराकडे बघतात. आज सांगितलं त्यांना. तिचं नाव कोकिळा, मी तिला— सगळं सांगितलं. त्या रडल्या, माझा हात धरला, काही दोष दिला नाही.

दुपारी परत विचारलं, तर म्हणाल्या, “कोन कोकिळा?”

रोज सांगतो. रोज पुसलं जातं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

ओंब्या बाहेर पडल्या. सगळीकडे. मी ज्यांना तण समजत होतो, त्या बारीक, वेड्यावाकड्या रोपांनासुद्धा. जवळजवळ सगळ्या वावराला.

वाळून गेलेली ती दोन पाहायला गेलो. एकाच्या पेऱ्यात नखाने चिरून बघितलं. आत ओंबी होती. इवली. न उमललेली. दुसऱ्यातही.

प्रभू, ते गहू होते. दोघंही—

सोमवार, १० फेब्रुवारी

एकाच रोपाला ओंबी नाही. कोपऱ्यात, माझ्या खिडकीखाली. सर्वांत उंच, सर्वांत हिरवं, वाऱ्यावर डुलणारं. आत पोकळ.

ते कोण, हे मला कुणी सांगायला नको.

बुधवार, १२ फेब्रुवारी

त्याला हात घातला. मूठ आवळली. म्हटलं, मी नसलो तर कदाचित ती दोघं—

छातीत, बरगड्यांखाली, कुणीतरी मुळाला ओढ दिल्यासारखं झालं. सोडून दिलं.

भीतीने सोडलं. मग तिथेच बसलो, आणि हळूहळू समजलं. हाही निवाडा माझा नाही. माझ्या मनाचाही नाही. कापणीला अजून वेळ आहे. उशिरा का होईना, ओंबी येईल की नाही, ते मालक पाहील. तोवर लाज सोसत उभं राहायचं, एवढंच माझं काम. केसरबाईंना भरवायचं. रोज तिचं नाव सांगायचं.

बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

केसरबाईंनी आज अर्धी भाकर खाल्ली. पिवळ्या रोपाच्या बुडाला एक हिरवा फुटवा आलाय! मी वेड्यासारखा त्याच्यापुढे बसून—

रविवार, १६ फेब्रुवारी

उपासनेआधी लिहितोय. उद्यापासून मंडळीला—

खिडकीबाहेर उत्तमराव. वावरात. काम आटोपून घरी निघाले असतील. ते खाली वाकले. कोपऱ्यात.

मीच सांगितलं होतं त्यांना. विचारायची गरज नाही म्हणून. किती मोठ्या तोऱ्यात—

हाक मारली. त्यांनी वर पाहिलं. चांगला माणूस, हसतोय. म्हणाले, “हे गहू नाही साहेब, नुसतं गवत हाय, काढून टाकतो.” नको म्हणालो. ओरडलो. आवाज बाहेर—

हात बुडाशी. ओढ बसते आहे. पाय जमिनीला— लेखणी सुटते—

केसरबाई, तुम्ही दारात जिची वाट पाहता ती कोकिळा. तिने आपला वाटा तुम्हाला दिला. पेटी उकंडराव वाजवायचे. दोघंही गहू होते. विसरू नका. उत्तमरावांना दोष देऊ नका, त्यांना दिसलं तेच त्यांनी— आणि मी, माझं नाव—