वेलीचे सुटे दोरे

ती. वहिनी यांच्या चरणी धाकट्या दिराचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी दोन अंगं कंबर धरल्यामुळे वाकत नाहीत; ती वाकली असं धरून घ्यावं.) तिकडे लेक सुखरूप असेल, नात रात्री झोपत नसेल आणि दिवसा तुम्हाला झोपू देत नसेल, म्हणजे सगळं यथास्थित असेल. तुमचे गुडघे कसे आहेत? इकडे हवा ठीक, दुकान ठीक. तुमची जाऊही ठीक, म्हणजे माझ्याशी बोलत नाही, पण तब्येत ठीक.

आता वेलीविषयी. तुम्ही गेल्या पत्रात विचारलंत, तेव्हा मी उत्तरात "हिरवी आहे" एवढंच लिहिलं. ते खरं होतं. आजही ती हिरवीच आहे आणि दुःख तेच आहे.

जाताना तुम्ही दादाची ती मेणफुलांची वेल जुन्या चादरीत गुंडाळून, लेकरू द्यावं तशी माझ्या हाती दिलीत. दादा गेल्यापासून संध्याकाळी तुम्ही तिच्याजवळ खुर्ची टाकून बसता, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी ती दुकानामागच्या खोलीत, कोवळं ऊन येतं त्या खिडकीत, दादाच्या मशीनशेजारी टांगली. (ते मशीन अजून कापड उजवीकडे ओढतं. त्याला दादाच्या हाताची सवय आहे, माझं ते ऐकत नाही.) सुरुवातीला मायेपोटी पाणी जास्त झालं, पानं मऊ पडली, मग मी हात आवरता घेतला आणि ती सावरली. थोड्याच दिवसांत फुलली. पांढऱ्या मखमलीवर कुणी गुलाबी बटणं टाचावीत तसे गुच्छ. संध्याकाळी वास सुटला की गिऱ्हाईक माप द्यायचं विसरून उभं राहायचं.

पण या फुलांतून मध गळतो, हे तुम्ही सांगितलं नव्हतं. (सांगितलं असेल. मी तेव्हा तुमची बस बघत होतो.) वेलीखालच्या खुंटीवर वकीलसाहेबांचा काळा कोट होता, अस्तर बदलायला आलेला. काळ्यावर मध दिसत नाही. दिसल्या त्या मुंग्या, आणि त्याही दुकानात नाही, तर ऐन उलटतपासणीत, त्यांच्या कॉलरमधून. कोट पुन्हा माझ्याकडे धुवायला आला, सोबत निरोपही आला. तो इथे लिहीत नाही.

मग फुलं गळली. मागे उरले बोटभर देठ, सुकल्यासारखे, आणि लांबच लांब बिनपानांचे तंतू, खिडकीचे गज चाचपडणारे. वहिनी, शिंप्याच्या डोळ्याला हे काय दिसणार? दादानंच शिकवलं होतं, की कपडा गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी उलटा करायचा आणि एकेक सुटा दोरा कापायचा. दोरा लोंबला तर शिवणाऱ्याची अब्रू लोंबते. तुम्ही परत येणार, तुमची वस्तू नीटनेटकी हाती द्यावी, एवढाच विचार मनात. देवाचं नाव घेतलं आणि सगळे देठ, सगळे तंतू बुडापासून साफ केले. पांढरा चीक आला तो फडक्यानं टिपला, पानं पुसली, इस्त्री तेवढी केली नाही. तुमची जाऊ दारातून म्हणाली, "छान! आता काजं-बटणंही करून टाका. तुमच्या हाती कात्री दिली की देवसुद्धा दोन बोटं आखूड व्हायचा."

त्याच दुपारी वकीलसाहेब कोट न्यायला आले आणि वर बघत राहिले. त्यांच्या घरी अशीच वेल आहे म्हणे.

"हे तुम्ही केलंत?"

"हो."

"शुद्धीत?"

"हो."

"कुणी शिकवलं?"

इथे मी दादाचं नाव घेणार होतो. घेतलं नाही.

त्यांनी सांगितलं, की ही वेल दरवर्षी त्याच जुन्या देठांवर फुलते, आणि ज्यांना मी दोरे समजलो ते तिचे नवे फाटे होते, पानं त्यांना मागाहून फुटतात. म्हणजे मी दोरे कापले नव्हते, शिवणच उसवली होती. नवे देठ धरायला वर्ष जाईल, दोनही जातील.

दादा असता तर त्यानं कात्री माझ्या हातातून काढून घेतली असती आणि चहा सांगितला असता. सकाळी देवापुढे बसतो, तेव्हा देवाची क्षमा मागता मागता मध्येच दादाची मागितली जाते. देव सांभाळून घेत असेल. पण तुम्ही याल, खुर्ची टाकून बसाल आणि वास येणार नाही, त्या संध्याकाळी मी कुणीकडे बघू, हे काही केल्या सुचत नाही.

घडलं ते सगळं लिहिलं. राग पत्रातून पाठवू नका, इथे येऊन समोर करा. नातीला आशीर्वाद.

तुमचा, कात्री कपाटात ठेवलेला,
धाकटा दीर

ता. क. कापलेले देठ टाकवले नाहीत. बॉबिनच्या डब्यात आहेत.

आणखी ता. क. वकीलसाहेब म्हणाले, नवे देठ येईपर्यंत वेल जागची हलवायची नाही. तेव्हा ती इथेच राहणार. तुमच्या घराला तीन जिने, तुमचे गुडघे तसे, आणि तिथे आता एकटीनं बसायला वेलही नाही. मागची खोली रिकामी केली आहे, पलंग खिडकीजवळ घेतला आहे. बसस्टँडवरून सरळ इकडेच यावं.

शेवटचं ता. क. तुमच्या जावेनं पत्र वाचलं. (म्हणजे बोलणं सुरू झालं.) ती म्हणते, थोरांना खोटं लिहू नये. तर खरं असं, की वेल हलवली तर चालेल का, हे मी वकीलसाहेबांना विचारलं होतं, आणि ते "खुशाल हलवा" म्हणाले. ते मी ऐकलं नाही असं धरतो. तुम्हीही वाचलं नाही असं धरावं. तुमची खुर्ची आजच आणून ठेवली.