उघड्या हातांचा स्वैपाक

आई, तू जाऊन सतरा वर्षं झाली आणि आता माझ्याही बोटांवर ते पांढरे डाग आले आहेत. डॉक्टर म्हणतात, हा रोग पसरत नाही, कोणाला लागत नाही. ऑफिसात कोणी विचारायच्या आधीच मी हे सांगून टाकते आणि मग दिवसभर स्वतःवरच चिडत राहते. मन एका जागी ठरत नाही, म्हणून लिहायला बसले.

तात्यापारा मोहल्ल्यातल्या जुन्या घरातलं आपलं स्वैपाकघर आठवतं. महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस आहे, मी बारा वर्षांची. तुझे हात मनगटापर्यंत पांढरे. काकू दारातूनच म्हणते, "ताई, आज पुरणाले तुम्ही हात नका लावू. बाहेरची माणसं जेवाले येऊन राहिली." तू "बरं" म्हणतेस, पदराला हात पुसतेस आणि देवीसमोर जाऊन बसतेस. मी मागून येऊन विचारते, "तुले राग नाही आला?"

"आला ना. या देवीलेच सांगून राहिली."

"मग ती काय म्हणते?"

"काय म्हणणार? मी कशी आहो, तिले माहीत आहे. तिच्यापासून काय लपवू?"

पुढच्या वर्षी काकू उठायच्या आत तू सगळं पुरण शिजवून ठेवलंस आणि पंगत बसल्यावर स्वतःच सांगितलंस, स्वैपाक माझ्या हातचा आहे. दोघी जणी पानावरून उठल्या. तू बाकीच्यांना तूप वाढत राहिलीस.

एवढं पाहूनही मी काय केलं? मला पाहायला पहिले पाहुणे आले तेव्हा त्यांनी विचारलं, आई कुठे आहेत? मी म्हटलं, नागपूरला मावशीकडे गेली आहे. तू भिंतीपलीकडे पोहे परतत होतीस. ते गेल्यावर बाहेर आलीस, म्हणालीस, "आली बरं मी नागपूरहून," आणि कपबश्या उचलायला लागलीस. त्यापेक्षा थोबाडीत मारली असतीस तर बरं झालं असतं. दुसरं स्थळ आलं तेव्हा मात्र मला विचारलंही नाहीस. बशा घेऊन सरळ समोर गेलीस. "हे असं आहे पाहा," दोन्ही हात पुढे करून म्हणालीस. "पोरीले नाही. पुढे होईल का, ते मले सांगता येत नाही." त्या मुलाने तुझ्या हातून बशी घेतली आणि खायला लागला. त्याच्याशीच माझं लग्न झालं.

यंदा तेलीबांध्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये महालक्ष्म्या बसल्या. मी पुरण वाटत होते. तुझी नात आत आली. या हिंदी मुलखात वाढली, तिला मराठी कळतं, पण बोलते हिंदीतच. हळू आवाजात म्हणाली, "मम्मी, ग्लव्ज पहन लो ना. लोग आ रहे हैं." तिने आणूनही ठेवले होते. तिला काय बोलू? मी तर तुला घरात असताना नागपूरला पाठवलं होतं.

मी म्हटलं, "नाही घालत." ती बाहेर गेली. पोळ्या मी उघड्या हातांनी लाटल्या, वाढल्याही मीच. सगळे जेवले. शेजारची एक बाई तेवढी पोट बरं नाही म्हणाली, आणि ते वाक्य माझ्या डोक्यात अजून घोळून राहिलं आहे. तुझ्यासारखं तूप वाढत पुढे जाणं मला जमलं नाही.

हा कागद कुठल्या टपालात टाकायचा नाही, म्हणून खरं लिहिते. आरतीनंतर हात जोडले तेव्हा माझे डाग जाऊ दे, असं मी मागितलं नाही. त्याचं मला बरंही वाटलं. पण लगेच मागितलं, पोरीचे हात मात्र आहेत तसेच, बिनडागाचे राहू दे. तेव्हापासून चैन नाही. मी अशी आहे, हे मी मानलं असेल, तर तिच्यासाठी एवढी भीती काहून? तू देवीजवळ बसायचीस, तेव्हा माझ्यासाठी हेच मागत होतीस का? तुला हे कधी विचारलं नाही.