प्रणिताच्या कॉलेजचं कंपॅरेटिव्ह

अनगोळ, बेळगाव
रविवार, दुपार

तीर्थस्वरूप आक्का,

भरमूचा जय जिनेंद्र. पायाला हात लावून लिहितोय असं समज. तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस का नुसतीच बाटलीकडं बघत बसतेस? दाजींच्या शुगरचं विचारत न्हाय. ते खरं सांगत न्हाईत, आणि तू खरं सांगितलंस की मला घोर लागतो. इकडं आम्ही बापलेक दोघं बरी आहोत. (बरी म्हणजे, तारामती गेल्यावर घरातली माणसं जेवढी बरी असतात तेवढी.) फोनच करणार होतो, पण घर दोन खोल्यांचं आणि प्रणिताचे कान लई तिखट. तुझा अरिहंत आज निपाणीला परत निघालाय, त्याच्या हाती हे देतो.

तर प्रणिताची बारावी झाली आणि कॉलेज शोधायची वेळ आली. आता उद्यमबागेतल्या फाउंड्रीत स्टोअर सांभाळणाऱ्या माणसाला कॉलेज कसं शोधतात ते काय कळणार? मला कॉम्प्युटरवर येतं ते एकच, एक्सेलमध्ये कंपॅरेटिव्ह काढणं. म्हणजे बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, भंगार देणारे सगळे एकाखाली एक लिहायचे, पुढं कॉलम पाडायचे, भाव काय, माल कधी पोचणार, आणि एका जरी ठिकाणी ‘न्हाय’ पडलं की ती ओळ फिल्टरनं गायब. उरेल त्याला ऑर्डर. म्हटलं, भंगाराला जमतं ते कॉलेजला का जमू नये? जुनाच तक्ता घेतला आणि भंगारवाल्यांची नावं पुसून कॉलेजं भरली. (एक कॉलम पुसायचा राहिला, ‘माल खराब निघाल्यास परत घेणार का?’ मी कामाच्या सवयीनं धारवाडच्या एका कॉलेजला फोन लावून कन्नडमध्ये तेही विचारलं. पलीकडच्या माणसानं ‘काय म्हणालात?’ असं दोनदा विचारलं. मग म्हणाला, फी परत मिळत नाही.)

मग माझी बुद्धी फिरली आणि तो तक्ता मी आपल्या घरच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांना त्यात लिहिता येईल असा. आक्का, आपली माणसं तुला ठाऊकच आहेत. दाजींनी कॉलम घातला, ‘मेसमध्ये दिवस मावळायच्या आत जेवण?’ तू अरिहंतला सांगून घातलास, ‘कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य?’ चिकोडीच्या मामांनी, ‘बस्ती रोज दर्शनाला चालत जाण्याइतकी जवळ?’ नागुबाई मावशीला एक्सेल येत न्हाय, तर तिनं कुणाकडून तरी ‘वॉर्डन आपल्यातली?’ असं घालून घेतलं. आणि एक कॉलम माझा, ‘संध्याकाळच्या बसनं घरी येता येतं?’ फिल्टर दाबला. बेळगाव गेलं, धारवाड गेलं, कोल्हापूर, सांगली गेलं, पुण्याचं तर नावच नको. खाली एकच ओळ उरली. चिकोडीच्या पुढच्या एका गावातली संस्था, मामांनी स्वतः भरलेली. सगळीकडं ‘व्हय’. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, मी हापिसातल्या सगळ्यांना चहा पाजला.

परवा रजा टाकून आम्ही दोघं गेलो. प्रणिता सगळ्या वाटेत गप्प. संस्था खरंच झकास आहे, शेजारीच बस्ती, अंगण सारवल्यागत स्वच्छ. फक्त ते कॉलेज न्हाय. ते मुलांचं गुरुकुल आहे, तेही दहावीपर्यंत! वॉचमननं पाणी दिलं आणि ‘जेऊन जावा’ म्हणाला. जेवलो. काय करणार? कांदा-लसूण नव्हता, दिवस लख्ख वर होता, आमटी तर अगदी तुझ्या हातची वाटली. एवढे कॉलम पाडले त्यात मुलींना घेतात का, आणि पोरीला शिकायचंय काय, हे विचारणारा एकही न्हाय. मी स्टोअरमध्ये असलं कंपॅरेटिव्ह नेलं असतं तर साहेबांनी तोंडावर फेकलं असतं.

येताना बसमध्ये मी म्हटलं, “तुला दिसलं न्हाय व्हय गं हे आधी?” तर म्हणाली, “दिसलं की. पण आप्पा, तुम्ही किती दिवसांनी हसला होता.”

मग तिनं सांगितलं. तिला म्हैसूरला सीट मिळालीय. बोलता-ऐकता न येणाऱ्या लोकांना बोलतं करायचं शिक्षण असतं म्हणे, ते. अर्ज तिचा तिनंच भरला. तिच्या आईची, तारामतीची, वाचा गेल्यावर शेवटी शेवटी ती नुसते ओठ हलवायची, आणि पाणी हवंय का खिडकी लावायचीय हे मला कधी कळलं न्हाय, सगळं प्रणितालाच कळायचं. पोरीच्या मनात ते तेव्हापासून आहे. संकेश्वर आलं कधी आणि गेलं कधी, कळलं न्हाय.

असो. मी लगेच होकार दिला. माझी काही काळजी करू नको. मोठा माणूस आहे मी, भात-आमटी येते, दोन खोल्या झाडायला वेळ तो किती लागतो? पोरगी मार्गाला लागली याचा आनंदच आहे. दाजींना नमस्कार, मामांना सांग आमटी चांगली होती.

तुझा धाकटा,
भरमू

ता. क. तो तक्ता मी ग्रुपवरनं काढलाय. पण दाजींनी कॉपी ठेवली असली तर ते त्यात म्हैसूरची ओळ घालून पुन्हा फिल्टर दाबतील, तेवढं बघ.

आणखी ता. क. आक्का, खरं काम हे आहे. प्रणिताला म्हैसूरला सोडायला तू जा. गुडघ्याचं मला कळतंय, गाडी करून देतो. मी गेलो तर तिला तिथं ठेवून येणं माझ्यानं होणार न्हाय, मी तिला परत घेऊन येईन. आणि ती येईल गं, काही न बोलता येईल, त्याचंच भ्या वाटतंय. तिनं विचारलं तर सांग, आप्पाला रजा मिळाली न्हाय. (मिळालीय.)